सोमवारची नखतपासणी
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख "निगडीतल्या नामवंत डॉक्टर" अशी करून दिली, तेव्हा दुसऱ्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने हसलं. आवाज ओळखला मी. तेव्हाही मागच्या बाकावरूनच यायचा. त्याची शुगर किती आहे हे मला माहीत आहे, पण सांगणार नाही. डॉक्टरला गुपित पाळावं लागतं.

मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय "आरोग्याची काळजी". तीस वर्षं दवाखाना सांभाळते आहे आणि तितकीच वर्षं घरात एक-दोन मांजरं आहेत. त्यामुळे बोलण्यात मांजर येणारच. ज्यांना मांजर आडवं गेलेलं चालत नाही त्यांनी दहा मिनिटं सोसावं.

सोमवारची प्रार्थना आठवते का? प्रार्थना संपली की बाई रांगेतून फिरायच्या. हात पुढे, पालथे. नखं, रुमाल, केस. बाई आपल्यापर्यंत पोचायच्या आत आम्ही दातांनी नखं कुरतडून घ्यायचो, म्हणजे रोग टाळायच्या तपासणीसाठी रोग पोटात घ्यायचो! तेव्हा मला ती शिक्षा वाटायची. पुढे एमबीबीएसला रोगप्रतिबंधावरचं जाडजूड पुस्तक हातात आलं, तेव्हा कळलं की त्यातला पहिला धडा बाईंनी आधीच शिकवला होता. दुखत नसताना तपासायचं.

आपल्या वडिलांनाही हे माहीत होतं. कोणाचे वडील टेल्कोत, कोणाचे बजाजमध्ये, कोणाचे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये. माझे वडील म्हणायचे, मशीन बंद पडल्यावर तेल घालून उपयोग नाही, चालू असताना घालायचं. शॉपमधल्या प्रत्येक मशीनला कार्ड असायचं, तारीख आणि सही. स्वतःच्या शरीराला मात्र त्यांनी असं कार्ड कधी लावलं नाही. आपणही लावलेलं नाही.

आता मांजर. काही वर्षांपूर्वी आमच्या गॅलरीत बाहेरचा एक बोका शिरला आणि आमच्या ठकीशी त्याची जुंपली. मी सोडवायला गेले. बोक्याने तळव्याला कडकडून चावा घेतला, रक्त आलं. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? "रोजचाच तर बोका आहे, काय होतंय." हेच वाक्य मी पेशंटच्या तोंडून शंभरदा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी रागावलेय. मग भानावर आले. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. त्याच संध्याकाळी पहिली लस.

हे नीट ऐका, कारण आपल्याकडे अजून जखमेवर हळद, चुना, तिखट लावणारी माणसं आहेत. रेबीज फक्त कुत्र्याचा नाही, मांजराच्या चाव्यातूनही होतो. लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लस वेळेवर घेतली तर तो टाळता येतो. पाश्चरने पहिल्यांदा एका मुलाला ही लस दिली १८८५ साली. तेव्हा ती पोटाच्या कातडीत टोचत, म्हणून आपल्या लहानपणी "पोटात चौदा इंजेक्शनं" ही धास्ती होती. आता दंडात घ्यायची लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत आणि भोवती वेगळं इंजेक्शनही लागतं. चावलेलं मांजर दहा दिवस डोळ्यांसमोर ठणठणीत राहिलं तर पुढचं डॉक्टर ठरवतील, पण सुरुवात करायला दहा दिवस थांबायचं नाही.

दुसरा प्रश्न हल्ली आपल्याच वयाच्या बायका विचारतात, कारण आपण आता आजीपणाच्या उंबरठ्यावर आहोत. "सुनेला दिवस गेलेत, मांजर सोडून येऊ का?" सोडू नका. भीती असते ती मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या एका परजीवीची. पण तो विष्ठेत पडल्यावर बाधायला योग्य व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून मांजराची मातीची पेटी रोजच्या रोज साफ करायची, आणि ती सुनेने नाही, मुलाने करायची. मटण पूर्ण शिजवायचं, भाजी-कोशिंबीर स्वच्छ धुवायची, मातीत काम केल्यावर हात धुवायचे. हा परजीवी कच्च्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो, पण त्यासाठी कोणी आचाऱ्याला घराबाहेर काढत नाही. आणि एक उलट काळजी: मांजराला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. ती त्याच्यासाठी विष आहे.

तसं मांजराचं आणि आरोग्यखात्याचं नातं जुनं आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगने काय हाहाकार केला ते आपण इतिहासाच्या तासाला शिकलो. त्यानंतर १९०८ साली, इथे नोकरीत असलेल्या ब्युकॅनन नावाच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं की घरोघरी मांजरं पाळा, उंदीर कमी होतील, प्लेग हटेल. पुढे कळलं की मांजरालाही प्लेग होतो. म्हणजे एकट्या मांजरावर भिस्त ठेवून भागत नाही, आपली सफाई आपणच करावी लागते.

आता खरी गोष्ट सांगते. ठकी बारा वर्षांची झाली, तेव्हा तिच्या पाण्याची वाटी लवकर रिकामी होऊ लागली. उन्हाळा आहे, म्हणून मी सोडून दिलं. तीन महिन्यांनी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तर तिची किडनी निकामी व्हायला लागली होती. ते म्हणाले, "मांजर आजार लपवतं. दुबळेपणा दिसला की शिकार होते, हे त्याच्या रक्तात आहे. म्हणून त्याच्या चेहऱ्यावर जाऊ नका, दर महिन्याला वजन करा." आणि हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही डॉक्टर ना?"

त्या रात्री मी ठकीची फाइल काढली. लसी, जंताचं औषध, सगळ्या तारखा जागच्या जागी. मग माझी फाइल शोधली. शेवटची रक्ततपासणी सहा वर्षांपूर्वीची! दवाखान्यात जाऊन स्वतःचं बीपी घेतलं. १६८/१०२. पहिला विचार काय? मशीन बिघडलंय. मशीन उत्तम होतं. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. इथे मांजराचे डोळे उघडे होते, मिटले होते माझे.

हे मी आज का सांगतेय? या स्मरणिकेत श्रद्धांजलीचं एक पान आहे. त्यावर आपल्या तुकडीतल्या एका मित्राचा फोटो आहे. तो जायच्या आधी दीड वर्ष माझ्या दवाखान्यात आला होता, मुलाचं सर्टिफिकेट न्यायला. चेहरा सुजलेला, जिना चढून धाप लागलेली. मी म्हटलं, "बस, बीपी बघू दे." तो म्हणाला, "सेकंड शिफ्ट आहे गं, चाकणची बस चुकेल. पुढच्या रविवारी येतो." मी म्हटलं, "ये नक्की." बाहेर पेशंट थांबले होते. तो रविवार आला नाही. बीपी बघितलं असतं तर तो वाचला असता, असं मी म्हणणार नाही, ते कोणालाच सांगता येणार नाही. पण ज्या मुलाने दहा वर्षं माझ्याशी डबा वाटून खाल्ला, त्याला पाच मिनिटं खुर्चीवर बसवायला मला जमलं नाही, हे मला रोज आठवतं.

म्हणून आज बटाटेवड्याच्या टेबलाशेजारी मी दुसरं टेबल मांडलंय. त्यावर बीपीचं मशीन, वजनकाटा आणि मोजपट्टी आहे. चहा-तंबाखू झाल्यावर अर्धा तास जाऊ द्या, पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीला टेकवा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर आलं तर उपचार विचारायचे. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. मीठ दिवसाला एक चमचा, लोणचं-पापड त्यातच धरून. तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी साडेसहा किंवा वर आली तर "गोड कमी करतो" एवढ्यावर भागवू नका. आठवड्याला दीडशे मिनिटं चाला. दुर्गा टेकडी आपल्या दारात आहे आणि तिथे वडापाव खायला जाणं चालण्यात धरत नाहीत.

मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळं सांगते. आपण सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळतो, आणि स्तनांची व गर्भाशयाच्या मुखाची तपासणी मात्र "नंतर बघू" म्हणून टाळतो. तिशीनंतर बीपी, शुगर, तोंडाचा, स्तनांचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा, लाजू नका.

ठकी अजून आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी तिला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहते, मग तिला खाली ठेवून एकटी उभी राहते. वजाबाकी केली की तिचं वजन निघतं आणि माझंही आपोआप लिहिलं जातं. तिचं थोडं घटतंय. माझं बीपी गोळीने ताब्यात आहे.

बाई, एक विनंती आहे. पुढे बसला आहात तशाच त्या टेबलाजवळ येऊन बसा. आम्ही एकेक जण येतो. तुम्ही फक्त म्हणा, "हात पुढे करा." तुमचं ऐकतील. माझं ऐकत नाहीत.