रबाळ्याच्या मुक्कामाहून एका दिवसात



रबाळ्यास सहलीकरिता कोणी येत नाही. येथे मनुष्य येतो तो कामासाठी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एखाद्या कारखान्यात यंत्र बसविण्यास आलेला कारागीर, माल खपविण्यास आलेला फिरता विक्रेता, मुलाखतीचे बोलावणे हाती घेऊन आलेला उमेदवार, असे पाहुणे येथील लॉजमध्ये चार-आठ दिवस उतरतात, खाणावळीत जेवतात, आणि परत जाताना म्हणतात की रबाळ्यास पाहण्यासारखे काही नाही. त्यांचे एक असो. परंतु मुलाकडे म्हणून गावाहून आलेल्या आईबापांची मला अधिक काळजी वाटते. मुलगा पाळीवर, सून नोकरीवर, आणि ही दोन वृद्ध माणसे तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून खालच्या मोटारी मोजीत असतात. रविवारी त्यांना एखाद्या मॉलमध्ये नेऊन सरकत्या जिन्यावर उभे करावयाचे, इतकीच त्यांची करमणूक. ज्यांनी जन्मभर देव, नदी, डोंगर आणि पाखरे पाहिली त्यांना तीच येथेही दाखविता येतात, आणि संध्याकाळच्या दिवेलागणीस बिऱ्हाडी परत येता येते, एवढे आज मला सांगावयाचे आहे.

प्रथम खाडी. रबाळ्याच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी आहे. पूर्वी या काठच्या आगरी-कोळी वस्तीचे पोट भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर चाले. पुढे औद्योगिक वसाहत झाली, १९७० साली सिडकोची स्थापना झाली, जमिनी गेल्या, आणि गावांच्या भोवती शहर उभे राहिले. खाडी मात्र राहिली. तीत हिवाळ्याच्या सुरुवातीपासून वैशाखापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. यांनाच कोणी अग्निपंख म्हणतात. उंच, काटकुळे पाय, लांब मान, आणि चोच अशी की डोके उलटे करून चिखलपाणी गाळल्याखेरीज घास मिळत नाही. त्यांच्या अंगावरील गुलाबी झाक ही जन्मतः नसते. पिलू राखी रंगाचे असते आणि रंग चढतो तो खाण्यातून. १९९० नंतरच्या दशकात ते येथे मोठ्या संख्येने दिसू लागले. शहराच्या सांडपाण्याने खाडीत शेवाळ माजते व त्यावर हे पक्षी पोसतात, असे काही जाणकार म्हणतात. आमच्या घाणीवर इतके देखणे पाखरू जगावे, हा योग विचित्र खरा! २०१५ मध्ये खाडीचा हा भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये रामसर करारान्वये महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत त्याची नोंद झाली.

ऐरोलीस, म्हणजे रबाळ्याच्या लगतच्या स्थानकी, वनखात्याचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. २०१७ पासून ते लोकांस खुले झाले. तेथून नावेने खाडीत नेतात. मात्र जागा अगोदर राखून ठेवावी लागते, आणि नाव सुटण्याची वेळ घड्याळ ठरवीत नाही, पाणी ठरविते. पुष्कळ मंडळी सोयीच्या वेळी जातात आणि निराश होऊन परततात. त्यांच्यासाठी कोकणच्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सांगतो. (मास्तराची सवय, गणित आल्यावाचून तास पुरा होत नाही.) त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती व तेथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीस सहा वाजता. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. हिशेब स्थूल आहे, आणि बंदरापेक्षा खाडीच्या पोटात भरती किंचित उशिराने पोहोचते, हे ध्यानात ठेवावे. ओहोटीस चिखल उघडा पडतो तेव्हा पाखरे चरावयास पसरतात. पण नावेस पाणी हवे. म्हणून या दोहोंच्या मधली वेळ उत्तम. आपल्या वडिलांस हा हिशेब विचारून पाहा. गाव समुद्राकाठचे असेल तर तेच तुम्हांस शिकवतील.

पूर्वेस पारसिकचा डोंगर. पावसाळ्यात घणसोलीच्या बाजूस गवळीदेवाच्या डोंगरावरून पाणी कोसळू लागते आणि तरुण मंडळींची तिकडे रीघ लागते. हिरवा डोंगर लांबून पाहण्यास कोणाची ना नाही. परंतु ओढ्यात उतरणे मी कोणासही सुचविणार नाही. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्यास दिसत नाही. गुडघाभर पाणी पाहता पाहता गळ्याशी येते. खारघरच्या पांडवकड्यावर २०१९ च्या पावसाळ्यात महाविद्यालयातील चार मुली वाहून गेल्या. वनखाते प्रवेशबंदीचा फलक लावते तो कोणाच्या आनंदावर विरजण घालावे म्हणून नव्हे.

घारापुरीची लेणी जगप्रसिद्ध आहेत. त्यांविषयी मी निराळे काय सांगणार? सोमवारी ती बंद असतात आणि पायऱ्या पुष्कळ आहेत, एवढे वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवले म्हणजे झाले. ठाण्याचा मासुंदा तलाव, त्याच्या काठचे कोपिनेश्वर आणि जुना किल्ला ही एका दुपारची सहल आहे. किल्ल्यात आज तुरुंग असल्यामुळे तो बाहेरूनच पाहावयाचा. परंतु याच भिंतींच्या आड १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे फासावर गेले, हे ठाऊक असलेला मनुष्य तेथे क्षणभर थांबल्यावाचून राहणार नाही.

मला स्वतःला विचाराल तर एकच दिवस हाती असलेल्या पाहुण्यास मी अंबरनाथास धाडीन. रबाळ्याहून ठाणे, आणि तेथून कल्याणकडे. मुंबई ते ठाणे हा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला हे शाळेत सर्वांनी पाठ केले आहे. पण पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, तो खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेला, हे थोड्यांच्या लक्षात असते. १९१६ साली पारसिकच्या पोटातून सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा सरळ बोगदा निघाला. आपण मात्र धीमी गाडी धरावी, कारण ती मुंब्र्यावरून डोंगरास वळसा घालते. डावीकडची खिडकी मिळाली तर खाडी दिसेल आणि उजवीकडे वर, कड्याच्या कुशीत, मुंब्रादेवीचे देऊळ.

अंबरनाथचे शिवालय स्थानकापासून पूर्वेस, वालधुनी नदीच्या काठी आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हे साल असून शिलाहार राजा मामवाणी याचे नाव आहे. काळ्या दगडाच्या भिंतीवर बोटभर जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही. देवदेवता, हत्ती, नर्तकी यांची एकावर एक ओळ चढत गेलेली आहे. आत गेल्यावर मात्र सारे उलटते. सभामंडपातून गर्भगृहात जाण्यास वर नव्हे, खाली उतरावे लागते. सुमारे वीस पायऱ्या उतरून गेले म्हणजे पिंडी, आणि मान वर करावी तो शिखर न मिटलेले, त्यातून आकाश दिसते. पावसाळ्यात देवाच्या मस्तकावर अभिषेक करण्यास ढगास कोणाची परवानगी लागत नाही. शेजारच्या वालधुनीचे पाणी कारखान्यांनी असे करून टाकले आहे की तिच्याकडे पाहवत नाही. नऊशे वर्षांहून अधिक काळ टिकलेला दगड आणि काही दशकांत नासलेली नदी एकाच काठावर आहेत. मुलांस नेले तर दोन्ही दाखवावीत.

वृद्धांस घेऊन जाताना गाडीच्या गर्दीची धास्ती वाटते, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. सकाळी सारी गर्दी कल्याणहून मुंबईकडे आणि ठाण्याहून वाशीकडे धावत असते. आपण जातो तो मार्ग दोन्ही ठिकाणी नेमका उलट. संध्याकाळी गर्दी फिरते, आणि आपणही फिरलेले असतो. म्हणून साडेआठास निघावे, शिदोरी बरोबर घ्यावी, मंदिरात दुपार काढावी, आणि पाचच्या सुमारास परतीची गाडी धरावी. बसावयास जागा मिळण्याचा संभव बराच असतो, आणि खाणावळीतील पहिल्या पंगतीस मंडळी हजर राहू शकतात.