जुन्या मालमोटारीचा पेट्रोल-पंप

वसई-विरारच्या पट्टींत एखाद्या केळीच्या वाडीच्या कडेला, छपराखालीं, आजोबांच्या वेळची डॉज अथवा फार्गो मालमोटार अजून उभी असली, तर घरच्यांना ती थकलेल्या बैलासारखी वाटते. कामाची राहिली नाहीं तरी विकवत नाहीं. १९४४ सालीं स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून या नांवांच्या गाड्या बाहेर पडत. पुढें १९५४ पासून टाटांच्या डिझेल मालमोटारी आल्या आणि पेट्रोलवरच्या या अवजड गाड्या हळूहळू रस्त्यावरून गेल्या. ज्या राहिल्या त्या हौसेनें राहिल्या. अशी गाडी एखाद्या दिवशीं अहमदाबादच्या हमरस्त्यावर आचके देऊन बंद पडते, आणि बॉनेट उघडणारा पहिला मनुष्य सांगून मोकळा होतो : "पंप गेला." हें निदान पुष्कळदां चुकीचें असतें, आणि बरोबर असतें तेव्हांहि बहुधा अर्धेंच असतें.

हा पंप म्हणजे मुठीएवढी वस्तु. इंजिनाच्या कुशीला तो बसविलेला असतो. आंतील कॅमचा उंचवटा एका तरफेला ढकलतो, तरफ रबरी कापडाचा पडदा खालीं ओढते, आणि टाकींतील पेट्रोल एका झडपेवाटें आंत येतें. पडद्याखालची स्प्रिंग त्याला पुन्हां वर लोटते व पेट्रोल दुसऱ्या झडपेवाटें कार्बुरेटरकडे जातें. खुबी अशी कीं, कार्बुरेटर भरला म्हणजे पेट्रोलचा दाब पडद्याला खालींच धरून ठेवतो आणि तरफ नुसती हालत राहते. लागेल तेवढेंच दिलें जातें. त्यासाठीं विजेची तार नाहीं कीं बटण नाहीं.

तेव्हां पंप सोडण्यापूर्वीं त्याची परीक्षा घ्यावी. विडी-काडी दूर ठेवावी, ठिणगी पडूं नये म्हणून कॉइलची तार काढावी, कार्बुरेटरकडील नळी सोडून तिचें तोंड बाटलींत धरावें आणि इंजिन फिरवावें. दर दोन फेऱ्यांस एक जोरकस चूळ आली तर पंप निर्दोष समजावा व दोष इतरत्र शोधावा. चुळींत बुडबुडे दिसले तर नळीचा सांधा, नाहींतर कांचेच्या वाटीचें बुचाचें वायसर हवा ओढीत आहे. कांहींच आलें नाहीं तर प्रथम टाकीचें झांकण उघडावें. झांकणाचें बारीक भोंक बुजलें असेल तर हवा सुस्कारा टाकल्यासारखी आंत शिरते आणि गाडी निमूट चालूं लागते! वसईकडे आणखी एक कारण संभवतें. मिठागरें व खाडी जवळ, हवा खारी. पत्र्याची टाकी गंजते, गंजाचा कण झडपेखालीं बसतो आणि झडप मिटत नाहीं. पंप उघडून धुतला कीं काम भागतें. पण टाकी तशीच ठेवून पंपच धूत बसणाऱ्याला तें काम पुन्हां पुन्हां करावें लागेल.

पडदा फाटला असेल तर मात्र गोष्ट निराळी. गाडी बंद पडणें हें त्यांतलें लहान दुःख. फाटक्या पडद्यांतून पेट्रोल खालीं झिरपतें, पंपाच्या अंगच्या भोकांतून बाहेर ठिबकतें, आणि कांहीं वेळां इंजिनाच्या चेंबरमधील तेलांत जाऊन मिसळतें. असें पातळ झालेलें तेल बेअरिंगांना सांभाळीत नाहीं. पंपाचा पडदा बाजारांत मिळेल. या इंजिनाचा क्रँक शोधण्यांत वर्षें जातील. म्हणून तेलाची पट्टी काढून हुंगावी. पेट्रोलचा वास आला, किंवा न भरतां तेलाची पातळी चढलेली दिसली, तर इंजिन क्षणभरहि चालवूं नये. आधीं तेल बदलावें.

पडदे फाटण्याला हल्लीं एक नवें निमित्त मिळालें आहे. पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट देशानें २०२५ सालीं गांठलें. जुन्या जातीचें रबर इथेनॉलपुढें टिकत नाहीं. तें फुगतें, मऊ पडतें व चिरतें. जुन्या गोदामांतला 'अस्सल' पडदा मिळाला म्हणून हरखून जाणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचाच घ्यावा, मग तो नवा कां असेना.

पंप उघडण्यापूर्वीं दोन्ही भागांवर कानशीनें एक खूण करावी, म्हणजे नळ्यांचीं तोंडें जोडतांना चुकत नाहींत. जोडतांना तरफ पूर्ण दाबून धरावी व समोरासमोरचे स्क्रू थोडथोडे आवळावे. नाहींतर पडदा ताणला जाऊन अकालीं फाटतो. घाईंत नेमकी हीच पायरी गाळली जाते. जुन्या गॅस्केटवर नवें गॅस्केटहि चढवूं नये, कारण तेवढ्या जाडीनें तरफेची धांव कमी होते. या कटकटीला कंटाळून कित्येक जण विजेचा पंप बसवितात. परंतु त्याचा दाब अधिक असला तर कार्बुरेटर ओसंडतो, आणि अपघातांत इंजिन थांबलें तरी तो पेट्रोल ओतीतच राहण्याचें भय असतें.

पंप बसविल्यावर बाटलीची परीक्षा पुन्हां घ्यावी, दहा मिनिटें इंजिन चालवावें, आणि तें बंद करून पंपाच्या बुडाशीं कोरडें बोट फिरवून पाहावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेलाची पट्टी आणखी एकदां हुंगावी.