हुकूम वरचा, पट्टी गरिबाची
अमेरिकेंतील लहान शहरांचें हें गाऱ्हाणें आम्हांस परकें वाटत नाहीं. सांडपाणी शुद्ध करण्याचे कारखाने बांधण्यास तेथील मध्यवर्ती सरकारनें १९७२ च्या कायद्यानें खर्चाचे शेंकडा ७५ देऊं केले. १९८७ त ती देणगी आवरती घेऊन कर्ज पुढें केलें. आणि त्याच कायद्यानें पावसाच्या गटारांसहि परवाना लावला! १९९० त लाखावरचीं शहरें, १९९९ त लहानहि त्यांत ओढलीं. गटारांचे नकाशे काढा, चोरून सोडलेली घाण शोधा, बांधकामाचा गाळ अडवा. पैसा? तो तुमचा तुम्ही पाहा!

नदी स्वच्छ हवीच. तें पाणी आम्ही कष्टकरीच पितों. पण कांहीं शहरें घरटी सारखीच पट्टी घेतात. दोन खोल्यांच्या सुतारानें आणि विस्तीर्ण फरसबंदीच्या वखारवाल्यानें सारखेंच कां भरावें? कांहीं ठिकाणीं छपर-फरशी मोजून पट्टी बसवितात. तेथें वखारवाला अधिक भरतो.