भांग आणि कर्करोग

माझे एक स्नेही कर्करोगाने अंथरुणास खिळले होते. एके दिवशी त्यांनी विचारले, "भांगेच्या अर्काने गाठ विरते म्हणतात. मग हे जीवघेणे उपचार कशाला सोसावयाचे?" प्रश्न व्याकुळ मनाचा होता, उत्तर मात्र शांतपणे शोधावयास हवे.

भांगेतील मुख्य मादक द्रव्य टीएचसी. इस्रायलमध्ये मेशुलाम व गाओनी यांनी ते १९६४ साली शुद्ध रूपात वेगळे केले. १९७५ साली अमेरिकेत या द्रव्याने उंदरांतील फुफ्फुसाच्या कर्करोगाची वाढ मंदावलेली आढळली आणि आशा पालवली. परंतु काचपात्रातील काही प्रयोगांत अल्प मात्रेने कर्कपेशी उलट अधिकच वाढल्या. २००६ साली स्पेनमध्ये मेंदूच्या गाठीच्या अवघ्या ९ रुग्णांवर प्रयोग झाला. त्यावरून रोग बरा होतो असे सिद्ध झाले नाही.

मग भांग सर्वस्वी निरुपयोगी काय? तसेही नव्हे. रासायनिक उपचारांनी होणारी मळमळ व वांती इतर औषधांना दाद देत नसेल, तर कृत्रिम टीएचसीचा उपयोग होतो. अमेरिकेने १९८५ साली त्यास मान्यता दिली. मात्र प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या नव्या औषधांबरोबर भांग घेणाऱ्या रुग्णांत गुण कमी आल्याचे २०१९ च्या एका इस्रायली पाहणीत दिसले.

म्हणून स्नेह्यांना मी एवढेच म्हणालो, "मळमळ आवरण्यापुरती तिची मदत डॉक्टरांना विचारून घ्या, पण उपचार सोडून तिच्या भरवशावर राहू नका."

त्यांनी उपचार सोडले नाहीत.