बारशाआधींचा हिशेब



आमची दुधनी म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या अगदीं कडेची, अक्कलकोट तालुक्यांतील, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेली बाजारपेठ. येथें तुरीचें पोतें कांट्यावर चढल्यावांचून आडत दुकानांतून हलत नाहीं, आणि किलोभर घट आली तर तेवढ्यासाठीं तासभर वाद होतो. ही दक्षता पेठेला शोभून दिसते. परंतु त्याच पेठेच्या मागच्या गल्लींत जन्मलेलें मूल जन्मतः किती वजनाचें होतें, असें विचारलें तर घरांतील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. माता व बालकें यांच्या आरोग्यासाठीं जो सार्वजनिक पैसा खर्च होतो, त्याचें फळ कसें मोजावें आणि तो पैसा कोणत्या मापानें द्यावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी वैद्य नाहीं. मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांना पाढे शिकविलेला शाळामास्तर आहें. तथापि हा विषय निम्मा वैद्यांचा असला तरी निम्मा मोजणाराचा आहे, आणि मोजण्याचें काम सरकारनें आजवर बहुतांशीं शाळामास्तरांकडूनच करून घेतलें आहे.

जनगणनेच्या पत्रकांत विवाहित स्त्रियांसाठीं एक प्रश्न असे: आपणांस आजवर मुलें किती झालीं आणि त्यांपैकीं हयात किती? १९९१ व २००१ या दोन्ही वेळीं हा प्रश्न मीं घरोघर विचारला आहे. "तीन झालीं, तीन आहेत," असें उत्तर मिळे. मग आंतून सासूबाईंचा आवाज येई, "अग, थोरल्याच्या आधींचें?" त्यावर सून खालच्या मानेनें म्हणे, "तें बारशाआधींच गेलें." यांत लबाडी मुळींच नव्हती. ज्याचें नांव ठेवलें गेलें नाहीं, तें मूल हिशेबांत न धरणें ही दुःख झांकण्याची आपली जुनी रीत आहे. परंतु सरकारी गणना करणाराला ती रीत फार महाग पडते. २०२० सालच्या नमुना नोंदणीप्रमाणें महाराष्ट्रांत जिवंत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १६ मुलें वर्षाचीं होण्यापूर्वीं दगावलीं, आणि त्या १६ पैकीं ११ पहिल्या अठ्ठावीस दिवसांत. म्हणजे एकंदर बालमृत्यूंपैकीं दोन तृतीयांशांहून अधिक मृत्यू बारशाच्या आगेंमागें घडतात. नेमकें तेंच पान आपण कोरें ठेवतों.

आपण किती वाटचाल केली आहे, हें कमी लेखण्याचा माझा हेतु नाहीं. भोर समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला, तेव्हां बाळंतपणाशीं निगडित कारणांनीं या देशांत दरवर्षीं सुमारें दोन लक्ष स्त्रिया मरतात असा तिचा अंदाज होता. आणि १९३७ सालीं हजारीं १६२ अर्भकें वर्षाच्या आंत दगावत होतीं. उलट २०१८ ते २०२० या काळांत महाराष्ट्रांत एक लक्ष जिवंत जन्मांमागें ३३ माता मृत्यु पावल्या. हा फरक थोडाथोडका नव्हे. परंतु हा फरक आपणांस कळला कसा? दवाखान्यांतील वह्यांवरून नव्हे. तो कळला नमुना नोंदणी पद्धतीमुळें, आणि ही पद्धत इतकी शहाणपणाची आहे कीं तिच्याविषयीं थोडें विस्तारानें सांगतों.

निवडलेल्या प्रत्येक गांवीं किंवा वस्तींत एक स्थानिक माणूस, पुष्कळदां प्राथमिक शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, वर्षभर जन्ममृत्यूंची वही ठेवतो. दर सहा महिन्यांनीं दुसराच एक पर्यवेक्षक येतो व पहिली वही न पाहतां घरोघर स्वतंत्र चौकशी करतो. मग दोन्ही याद्या शेजारीं ठेवून ताडून पाहतात. ज्या घटना दोहोंत जुळत नाहींत, त्यांच्यासाठीं पुन्हां त्या घरीं जाऊन खरेंखोटें करतात. १९६९-७० पासून देशभर हा क्रम चालू आहे. यांतील मर्म एवढेंच कीं लिहिणारा व तपासणारा हे दोघे वेगळे आहेत, आणि गांवांत चार मृत्यू अधिक सांपडले म्हणून दोघांपैकीं कोणाचाही पगार कापला जात नाहीं.

आतां पैशाच्या बाजूकडे वळूं. सरकारी भाषेंत अशी एक समजूत रूढ आहे कीं पैसे खर्च झाले म्हणजे काम झालें. रक्कम वेळेवर येत नाहीं. मग ती मार्च महिन्यांत येते, महिनाअखेर घाईनें संपवावी लागते, आणि उपयोगिता प्रमाणपत्र वर गेलें कीं योजना यशस्वी ठरते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ सालीं सुरू झालें, त्याच सालीं जननी सुरक्षा योजना आली. २०११ पासून सरकारी दवाखान्यांत बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधें व जाण्यायेण्याचें वाहन हीं सर्व विनामूल्य झालीं. या योजना चांगल्या आहेत. महाराष्ट्रांत संस्थेंत होणारीं बाळंतपणें २००५-०६ मध्यें शेंकडा ६५ होतीं, तीं २०१९-२१ च्या पाहणींत शेंकडा ९५ च्या घरांत गेलीं. मात्र बाळंतपण दवाखान्यांत झालें एवढ्यावरून तेथें रात्रीं डॉक्टर होता काय, आणि तिसऱ्या दिवशीं घरीं गेलेलें बाळ दूध ओढीत होतें काय, हें समजत नाहीं. शाळेंत मुलाची हजेरी लागली म्हणून त्याला भागाकार आला असें मीं कधीं धरलें नाहीं.

तेव्हां मोजावयाचें काय, याचें उत्तम उदाहरण आपल्याच राज्यांत आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनें ३९ गांवें घेतलीं आणि तुलनेसाठीं दुसरीं ४७ गांवें घेतलीं. १९९३ ते १९९५ हीं पहिलीं दोन वर्षें त्यांनीं मुख्यतः मोजण्यांत घालविलीं. त्या गांवांत हजारीं ६२ नवजात बालकें महिन्याच्या आंत मरत होतीं. मग गांवांतीलच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना त्यांनीं नवजात बाळाचें वजन घेणें, अंगाची ऊब राखणें, श्वास मोजणें व जंतुदोष ओळखून औषध देणें शिकविलें. तिसऱ्या वर्षीं तो आंकडा २५ वर आला. तुलनेच्या गांवांत तसें कांहीं घडलें नाहीं. १९९९ च्या डिसेंबरांत 'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकांत हा वृत्तांत छापून आला. दर बाळामागें खर्च आला होता सुमारें सव्वापांच डॉलर. आधीं दोन वर्षें खरी गणना केली नसती, तर हा सव्वापांच डॉलरांचा हिशेब कोणी मानला असता काय? मोजणीवर खर्च करणें म्हणजे औषधांतून पैसे काढून घेणें, असें पुष्कळांस वाटतें. मला तें पटत नाहीं. बिघडलेला कांटा व रकाने नसलेली वही घेऊन बसलेली अंगणवाडी सेविका कितीही मायाळू असली तरी तिच्या हातून कोणत्या मुलाला आधीं वांचवावयाचें, हें ठरणार नाहीं.

गडचिरोलीची ती पद्धत २०११ पासून देशभर लागू झाली. आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरीं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं जाते, आणि या सहा भेटींबद्दल तिला अडीचशें रुपये ठरले. एका भेटीचे चाळीस-बेचाळीस रुपये होतात. उन्हातान्हांत दूरच्या वस्तीवर जाऊन परत येणाऱ्या बाईला हा मोबदला पुरेसा आहे असें म्हणावयास माझी जीभ रेटत नाहीं. अंगणवाडींतील मुलाच्या आहाराचा रोजचा दर २०१७ सालीं आठ रुपये ठरविण्यांत आला. त्यांत एका अंड्याची किंमत वजा घातली तर डाळीतांदळाला काय उरतें, हें तिसरीचा मुलगाही सांगेल. २०१७ च्याच राष्ट्रीय आरोग्य धोरणांत राज्यांनीं २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाचे शेंकडा आठ आरोग्यावर खर्चावे असें लिहिलें होतें. महाराष्ट्रासारख्या धनवान् राज्यानें ती मजल गाठली नाहीं.

कोणी म्हणतात, पैसा वाढवा, पण ज्यांचे आंकडे सुधारतील त्यांनाच द्या. ऐकावयास हें न्यायाचें वाटतें. यांत एक मोठा खड्डा आहे, आणि आजचें माझें मुख्य सांगणें तेंच आहे. ज्या शाळेचा निकाल चांगला तिलाच अनुदान, असा नियम झाला तर निकाल सुधारतात, मुलें सुधारतातच असें नाहीं. हें मीं जवळून पाहिलें आहे. आरोग्याच्या खात्यांत तर ज्याच्या हातीं काम, त्याच्याच हातीं वही. कुपोषित मुलें अधिक लिहिलीं तर वरून जाब विचारला जातो, मृत्यू लिहिला तर नोटीस येते. मग लिहिणारी गरीब बाई काय करील? तीव्र कुपोषित मूल मध्यम होतें, मृत जन्म व जन्मून मृत्यू यांची अदलाबदल होते, आणि पुष्कळदां कांहींच लिहिलें जात नाहीं. २००१ सालीं 'कोवळी पानगळ' हा अहवाल निघाला, तो याच कारणासाठीं. राज्यांतील स्वयंसेवी संस्थांनीं आपापल्या गांवांत बालमृत्यू स्वतः मोजले, तेव्हां सरकारी नोंद प्रत्यक्षाच्या किती मागें आहे हें उघड झालें.

त्यानंतरचा एक अनुभव आशेचा आहे. औरंगाबाद विभागांत, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगर विभागांत, सर्व बालकांचीं वजनें घेण्याची मोहीम झाली आणि तींतून २००५ सालीं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभें राहिलें. प्रामाणिक वजनें घेतलीं कीं प्रथम आंकडे बिघडलेलेच दिसतात. तेवढें सहन करणारा अधिकारी लागतो. २००५-०६ मध्यें दोन वर्षांखालील मुलांत शेंकडा ३९ मुलें वयाच्या मानानें खुजीं होतीं. २०१२ सालीं मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें स्वतंत्र पाहणी केली, तेव्हां तीं शेंकडा २३ आढळलीं. पाहणी मिशननें स्वतः केली नाहीं, म्हणूनच तिला किंमत आली. आणि तशाच स्वतंत्र पाहणीनें पुढें आपल्याला सावधही केलें आहे: पांच वर्षांखालील खुज्या मुलांचें प्रमाण २०१५-१६ मध्यें शेंकडा ३४ होतें, तें २०१९-२१ मध्यें ३५ भरलें. म्हणजे गाडी थांबली.

मृत्यूची चौकशी शिक्षेसाठीं न करतां शिकण्यासाठीं करावी, ही युक्ति इंग्लंडांत जुनी आहे. तेथें १९५२ पासून प्रत्येक मातेच्या मृत्यूची गोपनीय तपासणी होते. डॉक्टराचें व रुग्णाचें नांव काढून टाकून काय चुकलें तेवढें छापतात. केरळांतील स्त्रीरोगतज्ज्ञांनीं २००४ पासून तोच मार्ग धरला. २०१८ ते २०२० मध्यें त्या राज्यांत लक्ष जन्मांमागें मातामृत्यू १९ होते, आपल्याकडील ३३ च्या मानानें बरेच कमी. त्याचें सर्व श्रेय एका तपासणीला नव्हे. पण भय काढून घेतल्यावर माणसें खरें लिहितात, हें त्यावरून दिसतें.

आतां आमच्या सीमेचा खास प्रश्न. दुधनीच्या निम्म्या सुनांचीं माहेरें आळंद किंवा अफझलपूर तालुक्यांत आहेत, आणि येथल्या लेकी तिकडे दिलेल्या आहेत. पहिलें बाळंतपण माहेरीं, हा आपला नेम. येथील आरोग्यसेविका तिसऱ्या महिन्यांत नांव नोंदते, लोहाच्या गोळ्या देते, धनुर्वाताची सुई टोंचते. सातव्या महिन्यांत ओटी भरली कीं पोर रेल्वेनें कलबुर्गीकडे निघून जाते. तिचें कार्ड मराठींत, तेथील सिस्टरबाई कन्नड वाचणारी. जन्माची नोंद कायद्यानें जेथें जन्म झाला तेथें होते, म्हणजे कर्नाटकांत. पुढें दहाव्या दिवशीं त्या बाळाचें कांहीं बरेंवाईट झालें तर तिकडची आशा म्हणते, ही आमच्या यादींतली नव्हे. इकडची म्हणते, मला कळलेंच नाहीं. दोन राज्यांच्या दोन वह्यांमधल्या फटींत एक जीव नाहींसा होतो. आणि आईचें अनुदान? तेंही कोणाच्या खात्यांतून निघावें, यावर बोट दाखविणें चालू राहतें.

यावर उपाय फार खर्चाचा नाहीं. गरोदर स्त्रीला नोंदणीचा जो क्रमांक मिळतो तो तिच्याबरोबर प्रवास करावा, आणि सीमेवरील दोन्ही बाजूंच्या आशांनीं महिन्यांतून एकदां फोनवर दोन याद्या जुळवाव्या: माहेरीं गेलेल्या कोण आणि माहेरीं आलेल्या कोण. नमुना नोंदणींत दोन वह्या ताडतात, तेंच येथें करावयाचें. अशा जुळणीसाठीं दोघींनाही वेगळा मोबदला द्यावा, आणि तो नोंद सांपडल्याबद्दल द्यावा, नोंद चांगली असल्याबद्दल नव्हे. एका तालुक्यांत वर्षभर करून पाहण्यास सोलापूर व कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांस फारशी अडचण पडूं नये. भाषेचाही बाऊ नको. आमच्या पेठेंत दोन्ही भाषांत हिशेब रोज होतात.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं लेक बाळंतपणास आली असेल किंवा सून गेली असेल, त्यांच्यासाठीं दोन गोष्टी. तिचें कार्ड सासरच्या कपाटांत ठेवूं नका, तिच्या पिशवींत द्या. आणि पोंचल्याबरोबर तेथील आशाबाईंस दाखवा. जन्माची व मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याप्रमाणें घटना घडली त्या ठिकाणीं एकवीस दिवसांच्या आंत विनाशुल्क होते. बाळाचें नांव ठरलेलें नाहीं म्हणून नोंद अडत नाहीं. नांव पुढें बारा महिन्यांपर्यंत शुल्क न देतां भरतां येतें. चार दिवस जगून गेलेल्या बाळाच्या दोन नोंदी करावयाच्या असतात, एक जन्माची व एक मृत्यूची. खेड्यांत हें काम ग्रामपंचायतींत होतें, दुधनींत नगरपरिषदेच्या कचेरींत.