सॉल्टेअर म्हणजे नुसती गिरणी नव्हे

मुलाकडे, लेकीकडे इंग्लंडला गेलेली आपली मंडळी यॉर्कशायरमधलं सॉल्टेअर आवर्जून पाहतात. पण पाहतात काय? गिरणी! तिथली डेव्हिड हॉकनीची चित्रं बघायची, चहा घ्यायचा आणि परतीची गाडी पकडायची. एवढ्यानं सॉल्टेअर पाहून होत नाही, हेच मला आज सांगायचं आहे.

ब्रॅडफर्डच्या धुरातून आणि पटकीतून कारखाना बाहेर काढून टायटस सॉल्टनं १८५३ मध्ये एअर नदीकाठी अल्पाका लोकरीची ही गिरणी सुरू केली. तिच्याभोवती पुढे आठशेंहून अधिक घरं उठली.

आपला मिसळणाचा डबा आठवा. वाट्या अनेक, झाकण एकच. गिरणी ही त्यातली तिखटाची मोठी वाटी. पण नुसत्या तिखटावर फोडणी होते का? गिरणीच्या कचेरीसमोरचं गोल मनोऱ्याचं चर्च, वाचनालय आणि सभागृह असलेली इन्स्टिट्यूट, शाळा, दवाखाना, म्हाताऱ्या कामगारांसाठी बांधलेली घरं, या सगळ्या त्याच डब्यातल्या वाट्या. रस्त्यावर दोरीला कपडे वाळत घातलेले सॉल्टला खपत नसत. म्हणून त्यानं न्हाणीघरं आणि धुलाईघर बांधलं. ती इमारत आज नाही. हिंगाची वाटी लहान असते खरी, पण नसली की डाळीला कळतं!

आता गल्ल्यांची नावं बघा. कॅरोलाइन हे सॉल्टच्या पत्नीचं नाव. फॅनी, हर्बर्ट, एडा ही मुलांची. मुकादमाचं घर मोठं, साध्या कामगाराचं लहान. हुद्दा भिंतींवरूनच वाचता येतो. गावात दारूचा गुत्ता मात्र सॉल्टनं येऊ दिला नाही. हे उपकार म्हणायचे की हुकमत? त्यावर खूप बोलता येईल, पण वेळ थोडा आहे.

म्हणून पुन्हा सांगते, गिरणीपाशी थांबू नका. १९८६ मध्ये गिरणीतलं काम थांबलं, पण घरांत माणसं राहतच होती, आजही राहतात. २००१ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाचा मान दिला, तोही एकट्या गिरणीला नाही, अख्ख्या गावाला. तेव्हा पुढच्या खेपेला एक गाडी चुकली तरी चालेल, व्हिक्टोरिया रोड चढून वर जा आणि गल्ल्यागल्ल्यांतून पायी हिंडा.