पुठ्ठ्याची खोली
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी चित्रकलेचा शिक्षक. चित्रकलेचा तास वेळापत्रकात बहुधा शेवटी असतो, आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो. अशा माणसाला आपण भाषणासाठी उभे केलेत, याबद्दल आभार मानून मी थेट विषयाकडे वळतो. विषय लहानसाच आहे. नोकरीतून निवृत्त होणाऱ्या माणसाला आपल्या हातांनी बनवून काय देता येईल? माझे उत्तर असे की, तो ज्या खोलीत आयुष्यभर काम करीत आला, तीच खोली कागद-पुठ्ठ्याची, टेबलावर मावेल एवढी करून द्यावी.

निरोपसमारंभ आपण सर्वांनी पाहिले आहेत. हार, शाल आणि भिंतीवरचे घड्याळ. जन्मभर घड्याळाकडे पाहून धावलेल्या माणसाला आपण जाताना पुन्हा घड्याळच देतो! त्यासाठी वर्गणी काढली जाते आणि वर्गात नावांची यादी वाचली जाते. ज्यांच्या घरून पैसे आलेले नसतात, ती दोन-चार मुले समारंभाच्या दिवशी गैरहजर राहतात. त्यांच्या पोटात खरोखरच दुखत असते, असे समजू नका.

मी पूर्वी ज्या शाळेत होतो, तेथे एका वर्षी शाळेचे शिपाई वयाची साठ वर्षे पूर्ण करून निवृत्त व्हावयाचे होते. सारी शाळा त्यांना चाचा म्हणे. आठवीच्या मुलांनी विचारले, "सर, चाचांना काय द्यायचं?" मी म्हटले, "वर्गणी काढायची नाही. प्रत्येकाने घरून एक पुठ्ठा आणायचा." पुठ्ठे सर्वांच्या घरी असतात. वहीची पाठ, शर्टाचे खोके, जुनी लग्नपत्रिका, मिठाईचा डबा. त्या दिवशी आमच्या वर्गात एकही मूल मोकळ्या हाताने आले नाही.

चाचांची खोली जिन्याखाली होती. चाचा टपालाला किंवा बँकेत गेले की मुले टेप घेऊन आत शिरत. लांबी 2.40 मीटर, रुंदी 1.80 मीटर. दाराकडची उंची 2.40 मीटर, मात्र वरून जिना उतरत असल्यामुळे छत आत उतरत जाऊन मागच्या भिंतीशी उंची 1.40 मीटर उरलेली. आम्ही एकास दहा हे प्रमाण धरले. याची सोय अशी की मीटरचे दहा सेंटिमीटर होतात आणि हिशेब तोंडी जमतो. लांबी 24 सेंटिमीटर, रुंदी 18. दोन मीटरचे दार 20 सेंटिमीटरचे, पाऊण मीटर उंचीचे टेबल साडेसातचे.

आता गंमत पाहा. छत कापण्याचे काम एका मुलाकडे होते. गणिताच्या पेपरात त्याचे गुण बोटांवर मोजता येतील एवढे. खोली 24 लांब, म्हणून त्याने छतही 24 सेंटिमीटरच कापले. बसवू गेला तर दोन सेंटिमीटर कमी! त्याने पुन्हा मोजले, पुन्हा कापले, पुन्हा कमी. शेवटी रडवेला होऊन माझ्याकडे आला. मी म्हटले, "छत आडवं नाही बाबा, तिरपं आहे. आडवं अंतर 24, उतार 10. आता वहीतला काटकोन त्रिकोण आठव." त्याने शंभर आणि पाचशे शहात्तर यांची बेरीज केली. सहाशे शहात्तर, म्हणजे 26 चा वर्ग! त्याने 26 सेंटिमीटरचे छत कापले आणि ते दोन्ही भिंतींवर अलगद बसले. पायथागोरसचा सिद्धांत त्याने त्यापूर्वी अनेकदा पाठ केला होता. खरा मात्र तो त्याला त्या दिवशी वाटला.

हा उद्योग ज्यांना घरी करावयाचा आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. जाड पुठ्ठा एका दाबात कापू नये. लोखंडी पट्टी धरून सुरी हलक्या हाताने पाच-सहा वेळा फिरवावी. घडी घालण्यापूर्वी शाई संपलेल्या बॉलपेनने तेथे रेघ दाबून घ्यावी, म्हणजे घडी सरळ येते. कागदालाही लाकडासारखा उभा-आडवा धर असतो. एका दिशेने तो सहज वाकतो, दुसऱ्या दिशेने अडतो. सहज वाकतो त्याच दिशेने घडी घालावी. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद डकवला तर वाळताना पुठ्ठा वाकतो, म्हणून दोन्ही बाजूंना डकवावा आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवावा. पुठ्ठ्याची जाडीही हिशेबात धरावी. दोन भिंतींच्या मध्ये बसणारी भिंत दोन्ही जाड्या वजा करून कापावी लागते. चिकटवायला मैद्याची खळ पुरते. कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालतात. पण मोरचूद विषारी आहे, ते काम मोठ्यांनीच करावे. आणि हे सारे पावसाळ्यात शक्यतो करू नये. दमट हवेत खळ वाळत नाही आणि भिंतींना पोट सुटते.

आम्ही एक लांब भिंत कापडी पट्टी चिकटवून दारासारखी उघडती केली, म्हणजे आतले सर्व दिसावे. शाळेचा पितळी तास मिठाईच्या डब्याच्या सोनेरी कागदाचा झाला. पाण्याचा माठ कागदाच्या लगद्याचा. किल्ल्या चॉकलेटच्या चांदीच्या.

कोणी म्हणेल, हा पोरखेळ आहे. मी त्यांना नम्रपणे सांगेन की, लहान प्रतिकृतीचे काम मोठमोठ्या कारागिरांनी केलेले आहे. इस्तंबूल शहरात 1582 साली सुलतान तिसरा मुराद याने शहजाद्याच्या सुंतेचा मोठा सोहळा केला. त्यातील कारागिरांच्या मिरवणुकीत सुलेमानिये मशिदीची प्रतिकृती वाहून नेली होती. त्या सोहळ्याच्या सचित्र ग्रंथात तिचे चित्र आहे. जपानात चहापानाच्या विधीसाठी बांधल्या जाणाऱ्या लहान खोल्यांचे आराखडे कागदावर असे काढीत की, डकवलेल्या भिंती उभ्या केल्या की हातभर खोलीच डोळ्यांपुढे यावी. आणि कागद तर आपल्या घरचाच. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी प्रसिद्ध आहे. ताबुतावर बारीक कागद आणि बेगड चढवणाऱ्या कारागिरांचे हातही आपण पाहिले आहेत. हाताचे काम कमी प्रतीचे, ही समजूत आपल्याकडे कशी शिरली, याचा पालकांनी विचार करावा.

असो. मोजमाप करताना मुलांना जे दिसले, ते मला येथे मुद्दाम सांगावयाचे आहे. तीन-चार वर्षे ही मुले त्या दारावरून रोज जात होती. आत काय आहे, हे एकालाही सांगता येईना. भिंतीवर किल्ल्यांची फळी होती, प्रत्येक खिळ्याखाली चाचांच्या अक्षरातली चिठ्ठी. एका फळीवर मुलांच्या हरवलेल्या वस्तू होत्या. कंपास, डब्याची झाकणे, एक स्कार्फ, एका पायाची चप्पल. प्रत्येकीला दोऱ्याने कागद बांधलेला, त्यावर सापडल्याची तारीख. आणि दाराशी एक बुटके स्टूल होते. चाचा स्वतः खुर्चीवर बसत. मग हे स्टूल कोणाचे? मुले तर्क करू लागली. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "माझं. पाचवीत असताना अब्बांची पाळी उशिरा सुटायची. सगळी शाळा गेली तरी चाचा दार उघडं ठेवून बसायचे. मी स्टुलावर बसून गृहपाठ करायचे." वर्ग गप्प झाला. ते स्टूल तिनेच केले. साडेतीन सेंटिमीटर उंचीचे.

काम संपत आले तेव्हा वाद निघाला. काही मुलांनी मागच्या लांब भिंतीला खिडकी काढून तिला निळा पडदा लावावयाचे ठरवले. दुसरी म्हणाली, "पण त्या खोलीला खिडकीच नाही." पहिली म्हणाली, "भेटच तर द्यायची आहे. चांगली दिसली तर काय बिघडलं? गरीब माणसाला त्याची अंधारी खोली परत दाखवायची का?" प्रश्न सोपा नव्हता. खोटे दाखवावे तर ती चाचांची खोली राहत नाही. खरे दाखवावे तर चारचौघांत त्यांचा उणेपणा दिसतो. मलाही उत्तर सुचेना. शेवटी मी एवढेच म्हटले, "खिडकी काढा, पण मग किल्ल्यांची फळी कुठे लावणार ते सांगा." कारण ती फळी त्याच भिंतीवर होती. मुलांनी बराच वेळ विचार केला. खिडकीसाठी किल्ल्या काढाव्या लागणार होत्या, आणि किल्ल्यांवाचून ते चाचा कसले? निळा पडदा तसाच राहिला.

निरोपाच्या दिवशी भाषणे झाली, हार झाले. मग मुलांनी ती खोली टेबलावर ठेवली. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी खाली वाकून भिंत उघडली आणि चष्मा वर करून एकेक किल्ली पाहिली. म्हणाले, "प्रयोगशाळेची किल्ली तिसऱ्या खिळ्याला, बेटा. ही दुसऱ्याला लावलीत." सभागृह हसले. त्यांनी बोटाच्या टोकाने ती किल्ली नीट लावली. मग विचारले, "स्टूल कोणी केलं?" ती मुलगी उभी राहिली. चाचांनी एवढेच म्हटले, "अब्बा आता वेळेवर येतात ना?" यानंतर कोणी हसले नाही.

समारंभ संपल्यावर संस्थेचे एक पदाधिकारी त्या प्रतिकृतीपाशी आले. निरखून म्हणाले, "काम छान आहे, पण मुलं खिडकी करायला विसरली वाटतं?" मी म्हटले, "साहेब, विसरली नाहीत. मुळातच नाही." ते काही बोलले नाहीत. त्या उन्हाळी सुट्टीत भिंत फोडून खिडकी बसवली गेली आणि किल्ल्यांची फळी दाराशेजारी आली. चाचांना तिचा उपयोग झाला नाही. ते तर गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला झाला. याचा आनंद मानावा की खंत, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. बरीच वर्षे त्या जिन्याखालून आम्ही सारे येत-जात होतो, त्यात मीही होतो. अर्ज-विनंत्या झाल्या असतील, नसतील. पण दहापट लहान होऊन टेबलावर आली, तेव्हाच ती खोली आम्हाला दिसली.

पालकहो, आपले मूल पुठ्ठा कापत बसले असेल तर "अभ्यास सोडून हे काय?" असे चटकन म्हणू नका. त्याला विचारा, कोणासाठी करतोस आणि मापे घेतलीस का? मापे घेतली असतील तर तो अभ्यासच करीत आहे. आणि विद्यार्थी मित्रहो, भेट विकत घ्यावयाची तर खिशात किती आहे, हे पाहावे लागते. हाताने करावयाची तर तो माणूस पाहावा लागतो. त्याची खुर्ची कोणत्या बाजूला आहे, चष्मा तो कोठे ठेवतो, त्याच्या दाराशी स्टूल कोणासाठी आहे. आपल्या घरात, शेजारात, शाळेत यंदा कोणी ना कोणी निवृत्त होणार असेल. आई, मामू, बसचे वाहक, दवाखान्यातल्या परिचारिका. टेप घ्या आणि त्यांची खोली मोजून या. भिंती थोड्या वाकड्या झाल्या तरी चालतील. किल्ल्या मात्र मोजून लावा.